घरून चालणारा मुक्तव्यवसाय (पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

घरून चालणारा मुक्तव्यवसाय म्हणजे कोणत्याही एका मालकाच्या पगारी नोकरीत न राहता, स्वतःच्या कौशल्याच्या बळावर निरनिराळ्या ग्राहकांची कामे ठरलेल्या मोबदल्यात घरूनच करून देण्याची पद्धत होय. असे काम करणाऱ्यास मुक्तव्यावसायिक किंवा रूढ भाषेत फ्रीलान्सर म्हणतात. 'मुक्त पत्रकार', 'मुक्त छायाचित्रकार' हे शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रसृष्टीत पूर्वीपासून रुळलेले आहेत. संगणक व इंटरनेट घरोघरी पोहोचल्यानंतर आरेखन, लेखापालन, अनुवाद, संकेतस्थळनिर्मिती अशा अनेक कामांना ही पद्धत लागू झाली. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाहन उद्योग आणि त्याला सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग एकवटलेले असल्याने येथील मुक्तव्यवसायाला अभियांत्रिकी सेवांची विशेष जोड मिळाली आहे.

संज्ञा आणि भेद

घरून केले जाणारे प्रत्येक काम मुक्तव्यवसाय ठरत नाही. कंपनीचा कर्मचारी घरी बसून काम करत असला तरी त्याचे मालक-कर्मचारी नाते कायम राहते. त्याला पगार, रजा व भविष्य निर्वाह निधी यांचा लाभ मिळतो. याउलट मुक्तव्यावसायिक कामाची वेळ, पद्धत व साधने स्वतः ठरवतो आणि काम न मिळण्याची किंवा पैसे बुडण्याची जोखीमही स्वतःच उचलतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'घरून काम करणारा कामगार' आणि 'गिग कामगार' यांच्या स्वतंत्र व्याख्या दिलेल्या आहेत. मालकासाठी, परंतु मालकाच्या कामाच्या जागेऐवजी स्वतःच्या घरात किंवा स्वतः निवडलेल्या जागेत, मोबदला घेऊन वस्तू वा सेवा निर्माण करणारी व्यक्ती पहिल्या व्याख्येत येते. दुसऱ्या व्याख्येत पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याच्या बाहेर राहून कमाई करणारी व्यक्ती येते.

पार्श्वभूमी

घरी बसून उत्पन्न मिळवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सोलापुरातील विडीकाम, तसेच १९५९ साली मुंबईतील गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग ही तिची परिचित उदाहरणे आहेत. त्या कामांत वस्तू घरी तयार होत असे, मात्र दर व बाजारपेठ ठरवण्याचे काम संस्था किंवा ठेकेदार करत असे. संगणकाधारित मुक्तव्यवसायात हे दोन्ही निर्णय काम करणाऱ्या व्यक्तीकडे येतात. संगणकावर घरून चालणाऱ्या मराठी व्यवसायाचे आरंभीचे ठळक रूप म्हणजे अक्षरजुळणी व पानांची मांडणी, म्हणजेच डीटीपी. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली आयएसएम प्रणाली आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांमुळे लग्नपत्रिका, अहवाल व पुस्तके घरच्या संगणकावर मराठीत जुळवणे शक्य झाले.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी परिसरात मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप यांची साखळी तयार झाली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झाली. पुढे खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, कुरुळी व नाणेकरवाडी या भागांत वाहन उद्योग विस्तारला. बजाज ऑटो, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्रा यांचे कारखाने या पट्ट्यात आहेत.

मोठ्या कारखान्यामागे पुरवठादारांची उतरंड असते. तिच्या खालच्या पायरीवरील पाच-पंधरा कामगारांच्या वर्कशॉपला पूर्णवेळ आरेखक, लेखापाल किंवा गुणवत्ता अभियंता नेमणे परवडत नाही. तेथे महिन्यातून काही दिवसांचेच काम असते. हे तुटक काम मुक्तव्यावसायिकाकडे येते, आणि घरून चालणाऱ्या तांत्रिक सेवांना स्थानिक आधार मिळण्याचे मुख्य कारण हेच आहे. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. तिच्या काळात फायलींची देवाणघेवाण, ऑनलाइन बैठका व घरून काम या गोष्टी अनेक आस्थापनांच्या अंगवळणी पडल्या.

मागणी असलेली कौशल्ये

आरेखन व अभियांत्रिकी: संगणकावर द्विमितीय व त्रिमितीय आरेखन करणे, जुन्या कागदी आराखड्यांचे संगणकीकरण, जिग व फिक्स्चरचे आराखडे, सीएनसी यंत्रासाठी प्रोग्राम लिहिणे आणि नमुन्याच्या भागावरून मापे घेऊन आराखडा तयार करणे ही कामे या गटात येतात. केवळ सॉफ्टवेअर चालवता येणे येथे पुरेसे नसते. मापांच्या मर्यादा, पृष्ठभागाची गुळगुळीतता, धातूचा प्रकार आणि भाग प्रत्यक्ष कोणत्या यंत्रावर घडणार आहे याचे भान आवश्यक असते. भारतात प्रथम कोन प्रक्षेप, तर अमेरिकेत तृतीय कोन प्रक्षेप रूढ आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास आराखड्यातील दृश्यांची उलटापालट होऊन चुकीचा भाग तयार होऊ शकतो.

गुणवत्ता दस्तऐवज: वाहन उद्योगातील पुरवठादारांना २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आयएटीएफ १६९४९ या मानकानुसार नोंदी ठेवाव्या लागतात. प्रक्रियेचा आलेख, नियंत्रण आराखडा, संभाव्य दोषांचे विश्लेषण आणि भागमंजुरीची कागदपत्रे तयार करून देणे हे अनुभवी गुणवत्ता निरीक्षकाला घरून करता येणारे काम आहे. मात्र प्रत्यक्ष मोजमाप व तपासणी कारखान्यातच करावी लागते.

लेखा व कर: टॅलीसारख्या प्रणालीत हिशेब लिहिणे, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणे, पगारपत्रके तयार करणे आणि भविष्य निर्वाह निधी व राज्य कामगार विमा यांचे मासिक भरणे या कामांना वर्षभर सातत्य असते. विवरणपत्रांच्या तारखा ठरलेल्या असल्याने उत्पन्नही तुलनेने नियमित असते. कायद्यानुसार आवश्यक असलेले लेखापरीक्षण मात्र सनदी लेखापालच करू शकतो.

भाषा व अनुवाद: परदेशी भागीदारीमुळे जर्मन व जपानी भाषांतील तांत्रिक अनुवादाला या भागात वाव आहे. यंत्रावर लावायच्या सूचना, सुरक्षा फलक व कार्यपद्धतीची पत्रके कामगारांना समजेल अशा मराठीत उतरवणे हेही स्वतंत्र कौशल्य आहे. यांत्रिक भाषांतरामुळे प्राथमिक मसुदा झटपट मिळतो. तथापि सुरक्षा सूचनेतील एका चुकीच्या शब्दाने अपघात घडू शकतो, म्हणून विषय जाणणाऱ्या अनुवादकाकडून तपासणी आवश्यक ठरते.

टंकन, मांडणी व संकेतस्थळे: मराठी टंकन, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे, उत्पादनांच्या माहितीपुस्तिका, संकेतस्थळे, छायाचित्रण व चित्रफितींचे संपादन यांचा या गटात समावेश होतो. या क्षेत्रात प्रवेश सोपा असल्याने स्पर्धा तीव्र व दर कमी असतात.

प्रशिक्षणाच्या सोयी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील यांत्रिकी आरेखक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अभियांत्रिकी आरेखनाचा पाया मानला जातो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची स्वतःची औद्योगिक प्रशिक्षण संस्था मोरवाडी येथे आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात उमेदवारी केल्यास यंत्रांचा प्रत्यक्ष परिचय होतो. चिंचवड येथील ऑटो क्लस्टर या संस्थेत लघुउद्योगांसाठी सामाईक तांत्रिक सुविधा आहेत.

संगणकाच्या प्राथमिक ओळखीसाठी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यभर परिचित आहे. संगणक टंकनाच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. स्वयं व एनपीटीईएल या मंचांवर अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क लागते. जर्मन भाषेसाठी पुण्यातील मॅक्स म्युलर भवन, तर विदेशी भाषांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग ही केंद्रे आहेत. जपानी भाषेचे प्रावीण्य एन-५ ते एन-१ अशा चढत्या पाच पातळ्यांवर तपासले जाते.

प्रमाणपत्र हा कौशल्याचा पुरावा असला तरी लघुउद्योजक बहुधा पूर्वी केलेले काम पाहूनच निर्णय घेतो. त्यामुळे एक-दोन वर्षे नोकरी करून किंवा अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काम करून नंतर स्वतंत्र होणे हा कमी जोखमीचा मार्ग ठरतो.

व्यवसायाचा आरंभ

साधने: संगणक, भरवशाचे इंटरनेट, वीज खंडित झाल्यास पर्यायी सोय आणि फायलींची दुसरी प्रत ठेवण्याची व्यवस्था या किमान गरजा होत. अभियांत्रिकी सॉफ्टवेअरचे परवाने महाग असल्याने चोरीच्या प्रती वापरण्याचा मोह होतो. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा तुरुंगवास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. विद्यार्थ्यांसाठीचा मोफत परवाना सामान्यतः व्यावसायिक कामासाठी चालत नाही. फ्रीकॅड, लिब्रेकॅड, इंकस्केप व लिब्रे-ऑफिस हे मुक्त पर्याय उपलब्ध आहेत. मात्र ग्राहकाला कोणत्या स्वरूपातील फाइल हवी आहे, हे आधी विचारून घ्यावे लागते.

कामाचे नमुने: नवोदिताकडे दाखवण्याजोगे काम नसते. घरातील नळाची तोटी, सायकलचा ब्रेक किंवा दाराची कडी अशा वस्तूंची मापे घेऊन पूर्ण आराखडा काढणे, काल्पनिक दुकानाचे वर्षभराचे हिशेब लिहिणे किंवा प्रताधिकारमुक्त तांत्रिक मजकुराचा अनुवाद करणे या मार्गांनी नमुनासंग्रह उभा करता येतो. जुन्या नोकरीतील किंवा ग्राहकाचे आराखडे परवानगीवाचून नमुना म्हणून दाखवणे हा गोपनीयतेचा भंग ठरू शकतो.

ग्राहकशोध: स्थानिक बाजारपेठेत ओळखीचे जाळे प्रभावी असते. जुने सहकारी, सुट्या भागांचे विक्रेते, कर सल्लागार आणि उद्योजकांच्या संघटना यांच्यामार्फत पहिली कामे मिळतात. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असते. त्यामुळे भेटीगाठी व काम सोपवण्याचे दिवस त्यानुसार ठरवावे लागतात. जागतिक बाजारपेठेसाठी अपवर्क, फायव्हर व फ्रीलान्सर यांसारखे ऑनलाइन मंच वापरले जातात. हे मंच कामाच्या मोबदल्यातून दलाली कापतात. फायव्हरवर ती २० टक्के असते.

दरनिश्चिती: नवोदित अनेकदा मासिक पगाराला कामाच्या तासांनी भागून दर काढतात. या पद्धतीत सुट्ट्या, आजारपण, ग्राहक शोधण्यात जाणारा वेळ आणि व्यवसायाचा खर्च वगळला जातो. उदाहरणार्थ, दरमहा ४०,००० रुपये घरखर्चासाठी हवे असतील तर वर्षाची गरज ४,८०,००० रुपये होते. परवाने, इंटरनेट, वीज, विमा व कर यांसाठी १,२०,००० रुपये धरल्यास एकूण ६,००,००० रुपये मिळवणे आवश्यक ठरते. वर्षातील ४८ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस आणि दिवसातील मोबदल्याचे ५ तास धरले तर १,२०० तास होतात. अर्थात ताशी दर ५०० रुपये येतो. त्याच ४०,००० रुपयांना महिन्याच्या २०० तासांनी भागले असता दर केवळ २०० रुपये दिसतो. या दोन आकड्यांमधील तफावत ध्यानात न आल्याने भरपूर काम असूनही व्यवसाय तोट्यात जाऊ शकतो.

करार, मालकी व गोपनीयता

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असू शकतो. मात्र वाद उद्भवल्यास तो सिद्ध करणे कठीण असते. कामाची व्याप्ती, मुदत, मोफत दुरुस्त्यांची संख्या, आगाऊ रक्कम, उर्वरित रकमेची तारीख आणि काम मध्येच थांबल्यास द्यायचा मोबदला या बाबी ई-मेलवर लिहून घेतल्या तरी पुरावा तयार होतो.

नोकरीच्या ओघात कर्मचाऱ्याने केलेल्या निर्मितीचा प्रतिलिप्यधिकार, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या बाबतीत सामान्यतः निर्मात्याकडेच तो प्रथम राहतो. मोबदला देऊन करवून घेतलेली छायाचित्रे, व्यक्तिचित्रे व चलचित्रे यांसारखे काही प्रकार याला अपवाद आहेत. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात कालावधीचा उल्लेख नसल्यास तो पाच वर्षांचा, आणि प्रदेशाचा उल्लेख नसल्यास तो भारतापुरता मर्यादित मानला जातो. त्यामुळे ग्राहकाला पूर्ण व कायमचे हक्क हवे असतील तर तसे स्पष्ट नमूद करणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते.

वाहन उद्योगात नव्या भागांचे आराखडे गोपनीय असतात. पुरवठादार स्वतःच मुख्य कंपनीशी गोपनीयतेच्या कराराने बांधलेला असतो आणि हीच अट तो मुक्तव्यावसायिकावर घालतो. नोकरी सांभाळून जोडकाम करणाऱ्याने नियुक्तिपत्रातील दुसऱ्या कामावरील निर्बंधही तपासणे आवश्यक असते.

नोंदणी व कर

एकट्या व्यक्तीला मुक्तव्यवसाय सुरू करण्यासाठी कंपनी स्थापन करण्याची गरज नसते. पॅन क्रमांक, स्वतंत्र बँक खाते आणि देयकांची क्रमवार नोंद एवढ्यावर आरंभ करता येतो. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार व्यवसाय कर लागू आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून अमलात आला. केवळ सेवा पुरवणाऱ्यासाठी महाराष्ट्रात नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. परदेशी ग्राहकाला निर्यात केलेली सेवा, कायद्यातील अटी पूर्ण होत असल्यास, शून्य दराची मानली जाते.

व्यावसायिक सेवेचे देयक चुकवताना कंपनी उगमस्थानी कर कापते. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना देय करातून वळती होते आणि जास्तीची रक्कम परत मिळते. लहान व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. तिच्यानुसार अभियांत्रिकी, लेखा, तांत्रिक सल्ला यांसारख्या विनिर्दिष्ट व्यवसायांत एकूण जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. ही सोय प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ४४एडीए मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

थकीत देयके

पुरवठा साखळीत पैसा वरून खाली झिरपतो. मुख्य कंपनीकडून पुरवठादाराला, त्याच्याकडून वर्कशॉपला आणि शेवटी मुक्तव्यावसायिकाला रक्कम मिळते. साहजिकच विलंबाचा सर्वाधिक फटका शेवटच्या व्यक्तीला बसतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. सेवा पुरवणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी 'उद्यम' संकेतस्थळावर विनाशुल्क होते.

तक्रार सुविधा परिषदेकडे दाखल करता येते. परिषद प्रथम समेट घडवण्याचा प्रयत्न करते आणि तो फसल्यास लवादाकडे जाते. काम स्वीकारण्यापूर्वीच नोंदणी झालेली असणे, देयकावर नोंदणी क्रमांक छापलेला असणे आणि काम मिळाल्याची ग्राहकाची पोच जवळ असणे या तीन गोष्टी दावा बळकट करतात. प्रत्यक्षात अनेक मुक्तव्यावसायिक पुढील काम हातचे जाईल या भीतीने तक्रार टाळतात. त्यामुळे आगाऊ रक्कम घेणे आणि मोठ्या कामाचे टप्प्याटप्प्याने पैसे घेणे हे उपाय अधिक व्यवहार्य ठरतात.

फसवणूक

घरबसल्या कामाच्या शोधात असलेल्यांना लक्ष्य करणारे दोन प्रकार विशेष आढळतात. पहिल्या प्रकारात डेटा एंट्रीचे काम देण्याच्या नावाखाली नोंदणी शुल्क घेतले जाते. पुढे कामात चुका झाल्याचे सांगून कराराच्या भंगाची खोटी कायदेशीर नोटीस पाठवली जाते आणि आणखी पैसे उकळले जातात. दुसऱ्या प्रकारात चित्रफितींना पसंती देणे किंवा परीक्षणे लिहिणे अशा किरकोळ कामांसाठी सुरुवातीला थोडे पैसे देऊन विश्वास संपादन केला जातो आणि नंतर मोठ्या रकमा गुंतवण्यास भाग पाडले जाते. काम देण्यासाठी काम करणाऱ्याकडूनच पैसे मागणे हे दोन्ही प्रकारांतील समान लक्षण आहे. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित नोंदवल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते. पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय २०१८ पासून कार्यरत असून चाकणचा परिसर त्याच्या हद्दीत येतो.

सामाजिक सुरक्षा व मर्यादा

नीती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २.३५ कोटींवर जाण्याचा अंदाज त्यात वर्तवला आहे. मुक्तव्यावसायिकाला मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, उपदान, पगारी रजा किंवा प्रसूती रजा मिळत नाही. आरोग्य विमा, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी व राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली यांत त्याला स्वतःच गुंतवणूक करावी लागते. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारचे ई-श्रम संकेतस्थळ ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले.

लहान मुले किंवा वृद्धांची जबाबदारी असलेल्या महिलांना, तसेच प्रवास कठीण जाणाऱ्या अपंग व्यक्तींना ही पद्धत उत्पन्नाचा मार्ग खुला करते. चाकणच्या रस्त्यांवरील वाहतूक कोंडीत जाणारा वेळही वाचतो. परंतु घरात असलेली व्यक्ती 'मोकळी' आहे असा समज असल्याने घरकाम व व्यवसाय यांचा दुहेरी भार विशेषतः महिलांवर पडतो. छोट्या सदनिकेत कामासाठी स्वतंत्र खोली मिळत नाही. सहकाऱ्यांचा सहवास नसल्याने नवे तंत्र शिकण्याची गती मंदावते. शिवाय स्थानिक मागणी वाहन उद्योगाशी बांधलेली असल्यामुळे त्या उद्योगातील मंदी वर्कशॉपमार्गे मुक्तव्यावसायिकापर्यंत पोहोचते. काही महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बाळगणे, एकाच ग्राहकावर विसंबून न राहणे आणि वाहन उद्योगाबाहेरही उपयोगी पडेल असे दुसरे कौशल्य आत्मसात करणे हे या जोखमीवरील प्रमुख उपाय होत.

हे सुद्धा पहा

पिंपरी-चिंचवड, चाकण, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, वस्तू व सेवा कर